भुताचं काम केलेली बाई

अमक्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाक, असं मला कुणी सांगितलं तर मी आधी सांगणाऱ्याकडे नीट बघते. हा माझा स्वभाव आहे आणि तो मी बदलणार नाही. सुरतच्या नवागामात पिठाची चक्की चालवायची म्हणजे असा स्वभाव लागतोच. इथं लोक दुसऱ्याच्या डब्यातलं पीठ आपलं म्हणून नेतात आणि वर चपात्या कडक झाल्या म्हणून भांडायला येतात. आमचे मालक वारल्यापासून मी एकटीच चक्की बघते आणि आजवर मला कुणी फसवून गेलेलं नाही. त्या बाईचं तेवढं अजून कळलेलं नाही, तिनं मला फसवलं की आणखी काय केलं ते.

माझ्या वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. एकटीच आली. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि पोपटी रंगाचा टेबलफॅन. अंगावर नारिंगी साडी, जांभळा ब्लाउज. भेस्तानच्या एका साडीच्या कारखान्यात पॅकिंगला आहे म्हणाली. घडी घालायची, आत पुठ्ठा सारायचा, वर बाईचा फोटो असलेला कागद लावायचा. एवढं ठीक होतं. पण एकट्या बाईच्या मागं कुणीतरी असतं, भाऊ असतो, दीर असतो, निदान एखादं जुनं भांडण तरी असतं. हिच्या मागं काहीच नाही! मी विचारलं, "गाव कोणतं तुमचं?" तर म्हणाली, "अमरावतीकडचं. पण तिथं मला कुणी ओळखत नाही. आणि ओळखलं तर पळतात." असं बोलून ती हसली. मी हसले नाही.

तिची खोड अशी की जिना उतरायच्या आधी मोठ्यानं ओरडायची, "मी येते हो!" नळाला जाताना, कामावर जाताना, बोळाच्या वळणावर सुद्धा. पुढं काळं कुत्रं नसलं तरी "मी येते हो!" बोळातली पोरं तिला 'मी-येते-हो' म्हणायला लागली. मला वाटायचं, एवढं वाजतगाजत चालणारं माणूस नक्की काहीतरी लपवतंय. चोर पाय न वाजवता येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग हुशार चोर पाय आपटतच येणार की नाही?

शिवाय चक्की चालू असली की ती आत यायची नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून लांब उभी राहायची. मी म्हटलं, "या ना आत, पीठ काय चावतं का?" तर म्हणे, "पांढरं अंगावर पडलेलं मला चालत नाही." पांढरी साडी नाही, पांढरा रुमाल नाही. भात सुद्धा हळद घालून खायची. मी माझ्या भावाला म्हटलं, ही बाई काहीतरी करून पळून आलेली आहे. भाऊ माझ्यापेक्षा लहान, मागच्या बोळात राहतो, लूमच्या कारखान्यात मुकादम आहे. तो म्हणाला, "तुले ते सगळाच चोर दिसतस." हे त्याचं नेहमीचं वाक्य. मी काहीही म्हटलं की तो हेच म्हणतो.

मग एक दिवस दळण न्यायला आलेल्या पोरानं मला मोबाईलवर एक जुना सिनेमा दाखवला. हिंदी, भुताचा. एक म्हातारा धान्याची कणगी उघडतो, तर आत पांढऱ्या फ्रॉकमध्ये एक मुलगी बसलेली. सात-आठ वर्षांची. ती नुसती बघते. पापणी हलत नाही, काही नाही, बघतच राहते. माझ्या हातातलं पिठाचं माप खाली पडलं. पोरगा म्हणाला, "मावशी, ही तुमची वरची भाडोत्री." मी म्हटलं, "चल हट!"

पण तेच डोळे होते.

संध्याकाळी मी तिला गाठलं. ती जिन्यावरच बसली, जणू कुणीतरी विचारावं म्हणून वर्षानुवर्षं थांबली होती. मी लगेच पकडलं, "सिनेमात पुढं ती मुलगी बोलते तो आवाज तर नाजूक आहे. तुमचा असा घोगरा कसा?" ती म्हणाली, "तो माझा नव्हताच हो. माझ्या आईपेक्षा मोठी एक बाई होती, पान खायची. तिनं दिला माझा आवाज. सगळ्या सिनेमांत तीच. लोक घाबरले ते तिला, दगड मारले मला."

मग तिनं सांगितलं ते असं. तिचे मामा सिनेमावाल्यांकडे शिंपीकाम करायचे. आईबरोबर ती त्यांना डबा द्यायला गेली होती. तिथं जी मुलगी काम करणार होती ती तोंडाला पांढरा रंग लावून घेताना रडून गोंधळ घालत होती. कुणीतरी हिला बसवून बघितलं. "मी रडले नाही. एवढीच माझी कला," ती म्हणाली. एकदा जमलं म्हणून पुढच्या सिनेमातही तेच काम मिळालं, त्याच्या पुढच्यातही तेच. कुणाच्या तरी घरातली मेलेली मुलगी. "मी एकाही सिनेमात शेवटपर्यंत जिवंत नव्हते. अर्ध्या सिनेमांत तर पहिल्यापासूनच मेलेली."

शाळेत तिच्या बाकावर कुणी बसायचं नाही. बाया पोरांना जेवताना तिच्या नावानं भीती घालायच्या. त्यावर ती म्हणायची, "माझ्या नावानं किती पोरांनी वरणभात संपवला असेल! देवाच्या नावानं तरी संपवला असेल का एवढा?" पुढं ती उंच झाली, मोठी दिसायला लागली आणि काम बंद झालं. कुणीतरी दया येऊन तिला हिरोच्या बहिणीचं काम दिलं. सिनेमा लागला, ती पडद्यावर भावाला चहाचा कप देते, तर अख्खं थेटर ओरडलं, "पिऊ नको रे!" हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली की मलाही हसू आलं. मी तोंडावर पदर धरला.

सुरतला ती त्यानंतर आली. इथल्या एका व्यापाऱ्यानं साडीच्या पाकिटावर तिचा फोटो छापला. माल परत आला. गिऱ्हाईक बायका म्हणे सांगायच्या, साडी बरी आहे पण ही पाकिटावरची बाई आमच्याकडं बघते. मग फोटो दुसऱ्या मुलीचा लागला आणि ही त्याच कारखान्यात घड्या घालायला बसली. लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलाच्या आईनं तिला ओळखलं आणि संपलं.

एवढं ऐकल्यावर तरी माझा संशय जायला हवा होता. उलट वाढला. जी बाई खोटं इतकं खरं करू शकते, तिचं खरं कशावरून खरं? मी तिला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरची बांधली. तिनं जाता-येता बघितली.

आता मुख्य गोष्ट. माझ्या भावाची मुलगी, रूपाली. तिला कामरेजला दिलेली. नवरा सकाळी कामाला जाताना घराला बाहेरून कुलूप लावून जातो. आत ही, सासू शेजारी जाऊन बसते, किल्ली नवऱ्याच्या खिशात. बोलली तर मार. उन्हाळ्यात ती माहेरी आली ती परत जायचं नाव घेईना. मला तिनं सगळं सांगितलं. फुई म्हणते ती मला, म्हणजे आत्या. "फुई, आग लागली तर मी काय करायचं?" असं तिनं विचारलं. एवढी हसरी पोर, आणि तिला झोपेत सुद्धा दाराची कडी दिसते!

मी भावाला चक्कीवर बोलावून सरळ विचारलं, "पोरले कुलूपमा कसाले धाडस रे?" कुलुपात कशाला पाठवतोस म्हणून. तो म्हणाला, काळजीपोटी लावत असेल, जमाना खराब आहे. मग ते ठरलेलं वाक्य, मला सगळेच चोर दिसतात. मी बडबडले, रडले, शिव्या घातल्या. ज्याला मी कडेवर घेऊन फिरवला, तो माझ्याकडे बघत सुद्धा नव्हता.

आणि श्रावण लागायच्या सुमारास एका सकाळी रूपालीच्या अंगात आलं. बापानं बॅग भर म्हटल्याबरोबर ती धाडकन खाली पडली, केस सोडले, लोळली, किंचाळली, "मारे नथी जवुं! नथी जवुं!"

इथंच घोटाळा झाला. रूपालीचा जन्म सुरतचा, शाळा गुजराती. अहिराणी तिला कळते, पण जिभेवर येत नाही. रागावली की गुजरातीच निघते. आता अंगात येणं आमच्याकडे नवं नाही. कानबाई ही आमची खानदेशची देवी, श्रावणात घरोघर बसते, तेव्हा चार बायकांच्या अंगात येतंच. पण कानबाई गुजराती कशी बोलेल? भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ही देवी नाही, हे बाहेरचं आहे. इथलीच कोणीतरी बाई, खाडीत पडून मेलेली असणार. मग वाद सुरू झाला की भूत उतरवायला आपल्या गावाकडचा भगत आणायचा की इथला भुवा. एक म्हणे, मराठी मंत्र गुजराती भुताला कळायचे कसे? दुसरा म्हणे, भुताला सगळं कळतं. पोरगी स्पष्ट सांगत होती की मला जायचं नाही. ते कुणी ऐकलंच नाही, कोणत्या भाषेत सांगितलं तेवढंच ऐकलं!

शेवटी सासूनं फोनवर सांगितलं, कामरेजला एक भुवा आहे, मिरचीची धुरी देतो, भूत कबूल होईपर्यंत कोंडून ठेवतो. कानबाईच्या विसर्जनाला आम्ही येतो आणि सुनेला तिथूनच घेऊन जातो. भाऊ हो म्हणाला.

रूपाली या दिवसांत सारखी वर, त्या बाईच्या खोलीत जायची. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तणतणत जिना चढले. रूपाली गादीवर मान खाली घालून बसली होती, बाई साडीला इस्त्री करत होती.

"तुम्ही शिकवलं ना हे पोरीला?"

"मी?" तिला खरोखरच अपमान वाटला. "मी शिकवलं असतं तर इतकं वाईट झालं असतं का? लोळते काय, हात काय आपटते! ओरडणाऱ्याला लोक धरतात, ताई. हळू बोलणाऱ्याच्या जवळ यावं लागतं."

मग इस्त्री बाजूला ठेवून ती म्हणाली, "हिनं चूक केली ती भूत होण्याची. भुताला काढतात. मला प्रत्येक सिनेमाच्या शेवटी काढलंय. जाळलं, पुरलं, एकदा विहिरीत टाकून वर झाकण घातलं. तुला काय पाहिजे म्हणून एकानंही विचारलं नाही. हिला देवी करा. देवीला विचारतात."

मी कानाला हात लावले. कानबाईवर माझी श्रद्धा आहे, ती काही दाखवायला नाही. "देवीचं सोंग? जीभ झडेल माझी!" मी म्हटलं. ती म्हणाली, "पाप माझ्या नावावर टाका. तिथं आधीच पुष्कळ मुडदे आहेत. पण तुमच्या देवीची भाषा मला येत नाही. माझा आवाज नेहमी दुसऱ्यानंच दिलाय. ती काय बोलेल ते तुम्ही सांगायचं."

रूपालीनं मान वर केली. तिचा चेहरा बघितला आणि माझं सगळं पापपुण्य बाजूला राहिलं. देवीची माफी मी नंतर मागणार होते. भुव्याकडे गेलेली पोर नंतर कुठून आणणार होते?

त्यानंतर रोज दुपारी चक्की बंद ठेवून मी वर जायला लागले. वाक्य मी ठरवलं. भावाला म्हटलं होतं तेच, फक्त देवीच्या तोंडी शोभेल म्हणून पुढं 'मन्ही', म्हणजे माझ्या, जोडलं. "मन्ही पोरले कुलूपमा कसाले धाडस रे?" रूपालीला ते जमेना. 'कसाले'चं 'कशाला' व्हायचं, घाबरली की गुजराती 'केम' निघायचं. मग बाई मला सांगायची, "तुम्ही म्हणून दाखवा." मी म्हणायची. "बसून नको, देवी बसून बोलत नाही. उभ्या राहा. समोर भाऊ आहे असं समजा. त्याच्या कपाळाकडे बघा. श्वास सोडा, मग बोला. पुन्हा." मी चिडले, "बोलायचं हिनं आहे, माझ्याकडून का घोटून घेताय?" ती म्हणाली, "ऐकून ऐकून येईल तिला." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. एरवी कोथिंबिरीच्या जुडीवर संशय घेणारी मी, आणि तिथं नेमकी गाफील राहिले.

विसर्जनाचा दिवस उजाडला. सकाळची मिरवणूक, पुढं बँड, चौरंगावर सजवलेली कानबाई डोक्यावर घेऊन बायका चाललेल्या. अख्खी भावकी रस्त्यावर. तापीवर जायला टेम्पो नाक्यावर उभा होता. टेम्पोच्या अलीकडे रिक्षा थांबली होती, आणि तिच्याजवळ रूपालीचा नवरा आणि सासू. बाई परकी, म्हणून कडेकडेनं चालत होती. पण माझ्या मागं मागं.

ठरल्याप्रमाणे रूपाली चौरंगापुढं जाऊन उभी राहिली. केस मोकळे केले, मान हळू वर उचलली. छान केलं पोरीनं, अगदी शिकवल्यासारखं. बायकांनी बँड थांबवायला लावला. सगळे वाट बघायला लागले. तेवढ्यात तिची नजर नवऱ्यावर गेली. त्यानं खिशात हात घातला, नुसता घातला, आणि तिचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. शब्द नाही. मला कळलं, आता निघेल ते गुजरातीच निघेल. सासू पुढं सरकली, "बघा, आलंच ते!" म्हणून.

आणि मला मानेवर बोटं लागली. माझ्या अंबाड्याची पिन निघाली आणि केस पाठीवर आले.

नंतर कधीतरी मी भेस्तानला जाऊन त्या बाईला विचारलं. ती आता तिकडेच राहते, माझा जिना तिच्या गुडघ्यांना झेपेना. मी म्हटलं, खरं सांगा, पहिल्यापासून मलाच तयार करत होतात ना? पोरीला जमणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना? ती म्हणाली, "पिन ढिली होती हो तुमची." आणि साडीची घडी घालत राहिली. रूपाली माझ्याकडेच असते, चक्कीवर बसते, गिऱ्हाइकांशी माझ्याहून गोड बोलते. ती म्हणते, सोड ना फुई, कशाला खोदतेस. पण मला कळायला हवं होतं. अजून कळलेलं नाही.

तर केस मोकळे झाले आणि माझ्या शेजारच्या बाईनं "माय!" म्हणून हात जोडले. मग तिच्या शेजारचीनं जोडले. गर्दी बाजूला झाली. समोर माझा भाऊ. मी त्याच्या कपाळाकडे बघितलं, श्वास सोडला आणि बोलले. ओरडले नाही. त्याला ऐकायला पुढं यावं लागलं.

"मन्ही पोरले कुलूपमा कसाले धाडस रे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पांढऱ्या केसांचा बाप्या तो, रस्त्यात आडवा झाला आणि त्यानं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, चुकनू मी," असं रडत म्हणाला. मागं रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. पोरगी जाणार नाही, ही पोर आता देवीची, असं तो सगळ्या भावकीसमोर बोलला. मग मान वर न करता त्यानं विचारलं, "आखो काय हुकूम शे, माय?"

आणखी काय हुकूम म्हणून विचारत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो मला काहीतरी विचारत होता. माझ्या घशाशी आलं होतं, अरे, उन्हाळ्यात चक्कीवर हेच तर म्हटलं होतं मी तुला, ह्याच शब्दांत म्हटलं होतं, मी तुझी बहीण आहे रे. पण ते बोलले असते तर तो उठला असता, गुडघे झटकले असते आणि रिक्षा थांबवून पोरीला हाताला धरून आत बसवलं असतं. म्हणून मी तशीच उभी राहिले आणि त्याला पायाशी रडू दिलं.